‘द बर्ड्स’चं गाव बघायला निघालात? आधी शाळा कुठे आहे ते समजून घ्या

‘द बर्ड्स’ म्हणजे हिचकॉकचा तो पिक्चर, ज्यात पक्षी अख्ख्या गावावर तुटून पडतात, आणि त्यातलं गाव म्हणजे कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरचं बोडेगा बे. आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा तिथे चांगला पाऊण तास पिक्चरमधली शाळा शोधत फिरत होतो. नवरा गाडी चालवतोय, बाबा मागच्या सीटवरून "ती बघ टेकडी, तिथेच असणार" म्हणतायत, मी फोनवर मॅप झूम करतेय आणि शाळा काही सापडत नाही. सापडणार कशी, ती त्या गावात नाहीच आहे. ती आहे बोडेगा नावाच्या दुसऱ्याच खेड्यात, समुद्रापासून ५-६ मैल आत. नावं जवळजवळ सारखी, गावं वेगळी. हिचकॉकने पिक्चरमधे दोन्ही एकाला एक जोडून एकच गाव करून टाकलंय आणि ते इतकं बेमालूम की साठ वर्षांनी पण लोक आमच्यासारखेच गोल गोल फिरतात.

तर कॅलिफोर्नियात राहत असाल किंवा आई-बाबांना घेऊन सॅन फ्रान्सिस्को फिरायला येणार असाल, आणि घरात एक तरी हिचकॉकवेडा माणूस असेल, तर ही एका दिवसाची ट्रिप जरूर करा. फक्त तयारी करून जा, नाहीतर हॉटेल, पार्किंग आणि धुकं बघून परत याल आणि म्हणाल काय होतं एवढं त्यात.

पहिलं काम म्हणजे जायच्या आधीच्या आठवड्यात पिक्चर पुन्हा बघायचा. लहानपणी बघितलेला चालणार नाही, कारण आठवतात फक्त कावळे आणि हिरॉईन टिपी हेड्रेनचा हिरवा ड्रेस. यावेळी पक्ष्यांकडे बघायचंच नाही, त्यांच्या मागे काय दिसतंय ते बघायचं. पॉज करत बघा आणि जिथे डोंगराची कड, पाण्याची रेघ, रस्त्याचं वळण स्पष्ट दिसतंय ते फ्रेम स्क्रीनशॉट काढून फोनमधे ठेवा. घरं-दुकानं बदलतात, पाडतात, जळतात, पण डोंगराची कड तीच राहते आणि तुम्ही बरोबर जागी उभे आहात की नाही ते शेवटी तीच सांगते. आणि हे सगळं ऑफलाइन सेव्ह करा हं, आम्हाला बोडेगात रेंजच नव्हती आणि बाबांचे सगळे फोटो क्लाउडवर होते, तेव्हा घरात कोणी कोणाला काय ऐकवलं ते इथे लिहीत नाही.

बघताना अजून एक गोष्ट ओळखायला शिका, खरं काय आणि स्टुडिओतलं काय. शूटिंग १९६२ मधे झालं, पिक्चर १९६३ मधे आला, आणि त्यातला बराच भाग युनिव्हर्सलच्या स्टुडिओत केलेला आहे. साधारण असं समजा की माणसं घराच्या, शाळेच्या किंवा हॉटेलच्या आत आहेत म्हणजे स्टुडिओ. जवळून चेहरा दिसतोय आणि मागचं दृश्य जरा सपाट, पडद्यावर टाकल्यासारखं वाटतंय म्हणजे पण स्टुडिओ. लांबून गाव दिसतंय, बोट चाललीय, गाडी वळणावरून येतेय, तिथे खरी जागा असण्याचा चान्स जास्त. आणि तो फेमस शॉट, पेट्रोल पंपाला आग लागलीय आणि कॅमेरा एकदम आकाशातून, पक्ष्यांच्या जागेवरून खाली बघतोय, ती जागा शोधायला जाऊच नका. ते बरंचसं अल्बर्ट व्हिटलॉक नावाच्या माणसाने रंगवलेलं चित्र आहे, त्यात खाली आगीचा तुकडा आणि वर सीगल्स वेगळे शूट करून बसवलेत. बाबांना हे सांगितलं तर ते दोन मिनिटं गप्प झाले, मग म्हणाले म्हणजे मी इतकी वर्षं चित्र बघत होतो.

कधी जायचं? उन्हाळ्यात, म्हणजे जून-जुलै-ऑगस्टमधे या किनाऱ्यावर धुकं असतं आणि आत तीस मैलांवर लोक घामाने भिजत असतात तेव्हा इथे तुम्ही जाकीट शोधत असता. पिक्चरच्या मूडला धुकं छान वाटतं पण मी वर सांगितलेली डोंगराची कड काही दिसत नाही. सप्टेंबर-ऑक्टोबर सगळ्यात बरा. जानेवारी ते मे दरम्यान गेलात तर ग्रे व्हेल जाताना दिसायची शक्यता असते, तो बोनस. वारा मात्र बाराही महिने, टोपी हातात धरूनच फिरायचं. आणि महिना कुठलाही असो, स्वेटर न्या, आई "मला नाही लागत थंडी" म्हणाली तरी तिचा पण न्या.

आता रस्ता. सॅन फ्रान्सिस्कोपासून ६५-७० मैल आहे. दोन पर्याय आहेत. एक म्हणजे हायवे १ धरून किनाऱ्या-किनाऱ्याने, स्टिन्सन बीच, पॉइंट रेज स्टेशन, टोमालेस असं करत. दिसायला सुंदर, पण वळणं इतकी की मागे बसलेल्याचं पोट दुसऱ्या अर्ध्या तासात बोलायला लागतं. पिक्चरमधे मेलनी, म्हणजे हिरॉईन, तिच्या अ‍ॅस्टन मार्टिनमधून असल्याच वळणांवरून येते आणि पिंजऱ्यातले दोन लव्हबर्ड्स प्रत्येक वळणाला एका बाजूला झुकतात, फार गोड शॉट आहे. आमच्याकडे लव्हबर्ड्सच्या जागी आई होती आणि ती गोड अजिबात नव्हती. दुसरा पर्याय म्हणजे १०१ ने सरळ पेटालुमा आणि तिथून पश्चिमेला व्हॅली फोर्ड. साधारण दीड तास, ट्रॅफिक नसेल तर. मोठी माणसं किंवा लहान मुलं असतील तर डोळे मिटून हाच घ्या. ह्याचा अजून एक फायदा म्हणजे व्हॅली फोर्ड सोडल्यावर समुद्राच्या आधी बोडेगाचा फाटा लागतो, म्हणजे शाळा आधी होते आणि बंदर नंतर. आम्ही उलटं केलं आणि जाऊन-येऊन तोच रस्ता दोनदा पालथा घातला.

बोडेगा म्हणजे अगदी एवढंसं खेडं. गाडी जरा जोरात असेल तर सुरू व्हायच्या आत संपतं. मुख्य रस्त्यावरून आधी पांढरं चर्च दिसेल, सेंट तेरेसा ऑफ आविला. पिक्चरमधे ते दिसतंच, पण त्याच्याही आधी १९५३ मधे अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स ह्या नावाजलेल्या फोटोग्राफरने त्याचा फोटो काढला होता, फोटोग्राफीवाल्यांना ह्या नावाचं महत्त्व सांगायला नको. आणि चर्चच्या मागे, जरा चढावर, ती शाळा. पॉटर स्कूल, १८७३ सालची. पांढरी, उंच, दुमजली लाकडी, आणि प्रत्यक्षात पिक्चरपेक्षा मोठी वाटते, कारण आजूबाजूला काही म्हणजे काहीच उंच नाही. हिचकॉकला ती सापडली तेव्हा पडीक होती म्हणे, पिक्चरच्या निमित्ताने तिची डागडुजी झाली.

इथे एक गोष्ट नीट ऐका. ते आता कोणाचं तरी राहतं घर आहे. म्युझियम नाही, तिकीट नाही, आत जाता येत नाही. रस्त्यावर उभं राहून बघायचं, फोटो काढायचा, निघायचं. दार वाजवू नका, अंगणात शिरू नका, "फक्त दोन मिनिट हो" तर नाहीच नाही. आपल्या वाड्याबाहेर रोज कोणी तरी मोबाईल घेऊन उभं राहिलं आणि खिडकीत डोकावायला लागलं तर आपण काय केलं असतं त्याचा विचार करा. आम्ही कुंपणाच्या बाहेर उभे होतो, वरच्या खिडकीतला पडदा जरा हलला आणि बाबांनी चटकन हात खाली घेतला, शाळेत मास्तरांनी बघितल्यासारखा. ते म्हणाले चल आता, झालं बघून.

शेजारी शिक्षिकेचं, अ‍ॅनीचं घर शोधू नका. ते नुसतं दर्शनी भिंतीपुरतं उभं केलेलं होतं, शूटिंगनंतर काढून टाकलं. मुलांच्या खेळायचा तो लोखंडी सांगाडा, ज्यावर एकेक करत कावळे जमतात, तोही शोधू नका. पण शाळेकडे पाठ करून उभे राहा आणि समुद्र कुठे दिसतो ते बघा. नाही दिसत! पिक्चरमधे मुलं शाळेतून किंचाळत सुटतात ती धावत धावत थेट खाडीच्या दिशेने उतरतात, आणि इथे तर चारी बाजूला गवताळ टेकड्या आणि गाई. मुलं पळायला सुरुवात करतात एका गावात आणि पोचतात पाच मैल लांबच्या दुसऱ्या गावात, मधे फक्त एक कट. मला अख्ख्या ट्रिपमधे हे सगळ्यात जास्त आवडलं, शाळेपेक्षा पण.

आईचं मात्र वेगळंच चाललं होतं. तारेवर पाच-सहा कावळे होते, आपल्याकडच्या कावळ्यांपेक्षा काळेकुट्ट आणि चांगले गलेलठ्ठ, त्यांच्याकडे बघत म्हणाली, "पितृपक्षात गच्चीवर तासभर काव काव करून एक येत नाही, आणि इथे बघा."

बोडेगातून परत हायवे १ ला लागून बोडेगा बेला या. इथे पहिलं ठिकाण म्हणजे द टाइड्स, बंदरावरचं रेस्टॉरंट. पिक्चरमधे ज्या हॉटेलात सगळे अडकतात, ती पक्षीशास्त्रवाली आजी तावातावाने वाद घालते, ते हेच. पण नावच तेवढं जुनं, इमारत आता पूर्ण वेगळी आणि कितीतरी मोठी आहे, आणि पिक्चरमधला आतला भाग तसाही स्टुडिओत बांधलेला होता. म्हणून इथे आत जाऊन "कुठल्या टेबलावर" वगैरे करत बसण्यात अर्थ नाही. मागे धक्क्यावर जा, बोटींकडे. मेलनी इथल्याच धक्क्यावरून लहान मोटरबोट घेऊन पलीकडे जाते आणि परत येताना सीगल तिच्या कपाळाला चोच मारून जातो. पाणी, बोटी, पलीकडचा ठेंगणा डोंगर, ह्यातलं बरंच अजून ओळखता येतं. स्क्रीनशॉट काढा, फोन समोर धरा आणि पलीकडच्या डोंगराची कड जुळवा, डावीकडे चार पावलं, उजवीकडे दोन, मागे एक, असं करता करता एकदम जुळते आणि अंगावर काटा येतो, खरंच येतो.

मुलांच्या धावण्याचा उतार बघायचा असेल तर गावातच टेलर स्ट्रीट आहे, वरून खाली खाडीकडे बघा. साधा घरांचा रस्ता आहे, गाड्या येतात-जातात, त्यामुळे मधोमध धावत रील काढू नका. आम्ही पण काढला नाही. म्हणजे नवऱ्याने काढला, पण फुटपाथवरून.

आता ह्या ट्रिपमधला माझा सगळ्यात लाडका भाग. पिक्चरमधे मेलनी बोटीने खाडी ओलांडून हिरोच्या, म्हणजे मिचच्या घरी गुपचूप लव्हबर्ड्स ठेवून परत निघते, मिच तिला बघतो आणि गाडी काढून खाडीला वळसा घालून तिच्या आधी धक्क्यावर पोचतो. तो वळसा तुम्हाला पण घालता येतो! हायवे १ वरून ईस्टशोअर रोडला खाली उतरायचं, उजवीकडे बे फ्लॅट रोड, तोच पुढे वेस्टशोअर रोड होतो आणि खाडीच्या कडेकडेने पलीकडच्या बाजूला नेतो. टाइड्स आता तुमच्या समोर, पाण्याच्या पलीकडे. मिचसारखी जोरात गाडी मारायची गरज नाही, रस्ता अरुंद आहे आणि सायकलवाले असतात.

ह्या पलीकडच्या बाजूला, गॅफ्नी पॉइंटच्या भागात मिचचं घर होतं. होतं म्हणजे, जुन्या रँचच्या घराला पिक्चरसाठी नवं रूप दिलं होतं, आणि पुढे ते जळून गेलं. त्यामुळे आज बघायला काही नाही. बाबा तरीही उतरले आणि गवतात उभं राहून पाण्याकडे बघत बसले. मी म्हटलं काय दिसतंय, तर म्हणाले लिडियाला, म्हणजे मिचच्या आईला, स्वयंपाकघरातून हेच दिसत असणार. स्वयंपाकघर स्टुडिओत होतं हे सांगायचं माझ्या अगदी ओठावर आलं होतं, पण गप्प बसले.

तसंच पुढे गेलात की बोडेगा हेडच्या, म्हणजे समुद्रात घुसलेल्या टोकाच्या, अलीकडे एक तळं लागतं आणि बहुतेक लोक त्याच्याकडे न बघता पुढे जातात. थांबा. पिक्चरचं शूटिंग चालू होतं त्याच काळात पीजी अँड ई ही वीज कंपनी ह्या टोकावर अणुवीज प्रकल्प उभारायच्या मागे होती. गावातल्या आणि आसपासच्या लोकांनी जोरदार विरोध केला, त्यात सॅन अँड्रियास फॉल्ट म्हणजे भूकंपाची ती कुप्रसिद्ध भेग इथूनच जाते हा मुद्दा मोठा ठरला, आणि १९६४ मधे कंपनीने प्रकल्प सोडून दिला. पण तोपर्यंत पायासाठी प्रचंड खड्डा खणून झाला होता. त्या खड्ड्यात पाणी साठलं आणि त्याला लोक ‘होल इन द हेड’ म्हणतात, हेडमधलं भोक, आणि इंग्रजीत त्याचा दुसरा अर्थ डोकं फिरलेलं असाही निघतो. आणि गंमत म्हणजे आज तिथे कोण येतं? पक्षी! आणि त्यांना बघायला दुर्बिणी घेऊन पक्षीवाले. पक्ष्यांनी गाव ताब्यात घेतल्याचा पिक्चर जिथे शूट झाला तिथेच अणुभट्टीची जागा पक्ष्यांनी ताब्यात घेतली, आता ह्याच्यावर कोणी पटकथा लिहिली असती तर आपण म्हटलं असतं जरा जास्तच झालं.

रस्ता संपतो तिथे बोडेगा हेड. कडा, खाली खवळलेला समुद्र, वारा. इथे पिक्चर विसरा आणि पायाखाली बघा, कारण कड्याची माती भुसभुशीत आहे, अगदी टोकाला जाऊन सेल्फी काढायचा नाही. खाली पाण्याजवळ गेलात तर समुद्राकडे पाठ करायची नाही. इथल्या लाटा सारख्या नसतात, वीस लहान येतात आणि मग एक अशी येते की माणूस ओढून नेते. आपल्याकडचा समुद्र बघून मोठे झालेल्यांना वाटतं आपल्याला कळतं, हा समुद्र वेगळा आहे आणि पाणी बर्फासारखं गार.

खाण्याचं सांगते. मासे खाणाऱ्यांची चंगळ, खेकड्याचं सँडविच, क्लॅम चावडर, सगळं मिळतं. शाकाहारी असाल तर डबा न्याच, आई-बाबांना घेऊन जाणाऱ्यांनी तर नक्कीच. फक्त डबा गाडीत बसून उघडा. आम्ही बाकावर बसून मेथीचे पराठे काढले, एक सीगल दहा फुटांवर येऊन बसला, मग आठ, मग पाच, आणि मग नवऱ्याच्या हातात अर्धाच पराठा होता. चोच लागली नाही, पण पंख कानाला घासून गेला म्हणाला. लोकांना वाटतं हिचकॉकने सगळं मनाने रचलं. हो, सीगल्सना खायला घालू नका, तुम्ही घातलं की पुढच्याच्या हातातून ते असंच ओढून नेतात.

एक घोळ नेहमी होतो तो पण सांगून ठेवते. पक्ष्यांनी खरंच गावावर हल्ला केला होता आणि ते गाव बोडेगा बे, असं बरेच जण छातीठोकपणे सांगतात. तसं नाही. ऑगस्ट १९६१ मधे समुद्रपक्ष्यांचे थवेच्या थवे घरांवर, गाड्यांवर येऊन आदळले होते हे खरं, पण ते दक्षिणेला, सांताक्रूझजवळच्या कॅपिटोला भागात. हिचकॉकचं घर त्याच बाजूला होतं आणि त्याने ती बातमी मागवून घेतली होती. शास्त्रज्ञ आता म्हणतात की समुद्रातल्या सूक्ष्म शेवाळात तयार होणारं डोमोइक अ‍ॅसिड नावाचं विष माशांमधून पक्ष्यांच्या पोटात गेलं असावं आणि त्याने ते भरकटले. आणि मूळ कथा तर डॅफ्ने द्यू मॉरिएची, १९५२ ची, ती घडते इंग्लंडमधे कॉर्नवॉलला. म्हणजे कथा एका देशातली, बातमी एका गावची, शाळा दुसऱ्या, बंदर तिसऱ्या.

दुपारी तीनच्या आत मोकळे झालात तर परतताना सांता रोझा करा. हिचकॉकने ‘शॅडो ऑफ अ डाउट’ तिथे शूट केला होता, १९४३ चा पिक्चर, त्यामुळे हा भाग त्याला आधीपासून माहीत होता. रेलरोड स्क्वेअरमधलं दगडी स्टेशन अजून उभं आहे, पिक्चरमधला मामा गाडीतून उतरतो ते, आणि आता तिथे नवीन लोकल ट्रेन थांबते. मॅकडोनल्ड अ‍ॅव्हेन्यूवर जुनी भव्य घरं आहेत, पिक्चरमधल्या कुटुंबाचं घर त्यातलंच एक, पण शाळेला जो नियम तोच इथे, फुटपाथवरून बघा. हा पिक्चर न बघता जाणार असाल तर सांता रोझाचा वळसा घालू नका, उगाच आहे.

परतताना गोल्डन गेटला टोल लागतो, शहरात शिरतानाच फक्त, आणि रोख घेणारं कोणी नसतं, नंबर प्लेटचा फोटो निघतो. गाडी भाड्याची असेल तर कंपनी टोलवर वेगळा चार्ज किती लावते ते गाडी घेतानाच विचारून घ्या.

आणि पिक्चर जिथे सुरू होतो ते युनियन स्क्वेअर शहरातच आहे, ते दुसऱ्या दिवशी सकाळी करा. मेलनी रस्ता ओलांडते तेवढा भाग खरा, पक्ष्यांचं दुकान स्टुडिओतलं, त्यामुळे दुकान शोधू नका. तिथेच हिचकॉक स्वतः दुकानातून दोन पांढरे कुत्रे घेऊन बाहेर पडतो, कुत्रे त्याचेच होते. बाबांना तो फोटो हवाच होता. कुत्रे आणायचे कुठून, शेवटी आईच्या शॉपिंगच्या दोन पांढऱ्या पिशव्या दोन्ही हातात धरून ते एका दुकानाच्या दारातून पोट पुढे काढून बाहेर आले, तीनदा, कारण पहिल्या दोन वेळा मधे माणसं आली.